परसातील तळे आणि त्यातील गोगलगाय : प्रस्तावना

घरामागच्या परसात, अंगणात किंवा गच्चीवर माशांचे तळे राखणाऱ्या माणसाचे लक्ष स्वाभाविकपणे आधी माशांकडे, मग कमळांकडे आणि पाण्याच्या रंगाकडे असते. त्याच पाण्यात काठाला चिकटून शेवाळ खरवडणारी गोगलगाय त्याच्या नजरेत बहुधा दोनच प्रसंगी येते. पहिला ती विकत आणून सोडली जाते तेव्हाचा, आणि दुसरा तिची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढते तेव्हाचा. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात ती काय खाते, श्वास कसा घेते, अंडी कोठे घालते, कोणत्या माशाच्या तोंडी पडते, कोणत्या परजीवींना आसरा देते आणि मेल्यावर तळाच्या गाळात काय सोडते, याचे सलग विवेचन मराठी वाचकाला सहजी सापडत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा मधला काळ आहे.

प्राणिशास्त्रात गोगलगायीची गणना मृदुकाय प्राण्यांच्या उदरपाद वर्गात होते. मृदुकाय म्हणजे ज्यांच्या मऊ, अस्थिहीन शरीराभोवती बहुधा चुन्याचे कवच असते असे प्राणी, आणि उदरपाद म्हणजे पोटाकडील स्नायुमय भागाने सरकणारे. गोड्या पाण्यातील उदरपादांमध्ये अनेक भेद असले, तरी तळे राखणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारा भेद श्वासोच्छ्वासाचा आहे. एका गटातील गोगलगायी कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात आणि शंखाचे तोंड मिटून घेण्यासाठी त्यांच्या पायावर एक झाकणी असते. दुसऱ्या गटातील गोगलगायींना कल्ले व झाकणी दोन्ही नसतात, त्या पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेतात आणि शरीरातील एका पोकळीचा फुप्फुसासारखा उपयोग करतात. पहिल्या गटात नर आणि मादी सहसा वेगळे असतात आणि वाढही बेताची असते, तर दुसऱ्या गटातील प्रत्येक प्राणी उभयलिंगी असून अनेक जातींत एकटीच गोगलगाय स्वतःच्याच बीजाने प्रजा निर्माण करू शकते, त्यामुळे रोपाच्या मुळाशी चिकटून आलेले एखादे पिल्लूही वर्षभरात हौद भरून टाकते. तळाशी प्राणवायू कमी पडू लागला की पहिल्या गटातील गोगलगायी भिंतीवरून वर चढू लागतात आणि उपाय झाला नाही तर मरतात, दुसऱ्या गटातील मात्र तगून राहतात. म्हणून कोणत्या गटाची गोगलगाय टिकली आहे यावरून जाणत्या माणसाला तळ्याची अवस्था बरीचशी कळते.

माशांबरोबर गोगलगाय जाणीवपूर्वक ठेवण्याच्या आधुनिक कल्पनेचा उगम बराच नेमकेपणाने सांगता येतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे एका प्रयोगाची हकिगत मांडली. बारा गॅलन पाणी मावेल अशा भांड्यात त्यांनी दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पती प्राणवायू देईल, माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ती घेईल आणि पाणी न बदलता हा व्यवहार चालू राहील, अशी अपेक्षा होती. परंतु जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. त्यावर वॉरिंग्टन यांनी काही तळगोगलगायी भांड्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर खाऊन टाकला, आणि त्यांची अंडी व पिल्ले माशांच्या खाद्यात जमा झाली. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक निघाले आणि घरोघरी काचपेट्या ठेवण्याची लाट इंग्लंडभर पसरली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या त्रयीवर उभा असलेला 'समतोल' हा शब्द या छंदाच्या भाषेत तेव्हापासून रुजला. त्या शब्दाने या छंदाला दिशा दिली हे खरे, तितकेच त्याने एक गैरसमजही पक्का केला. काचपेटीतील वा हौदातील प्राणवायूचा मोठा वाटा पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, वनस्पती रात्री प्राणवायू सोडण्याऐवजी वापरतात, आणि माणूस बाहेरून खाद्य टाकत असेपर्यंत कोणताही हौद बंदिस्त व्यवहार नसतो, ही गोष्ट समतोलाच्या गोडीत पुष्कळ काळ मागे पडली.

वॉरिंग्टन यांच्यानंतरच्या काळात गोगलगायीकडे पाहण्याच्या निरनिराळ्या परंपरा तयार झाल्या. समतोलवादी परंपरेने तिला सफाई करणारी मानले आणि विक्रेत्यांनी तिला त्याच नावाने खपवले. जपानी कोई माशांच्या हौदांभोवती वाढलेल्या तांत्रिक परंपरेत पंप, फिल्टर आणि पाण्याच्या चाचण्या यांना प्रमुख स्थान आहे. तेथे गोगलगाय ही नळ्यांत अडकणारी आणि परजीवी आणणारी आगंतुक ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये जोर धरलेल्या निसर्गतळ्यांच्या परंपरेने तिसरी भूमिका घेतली; तळे खणावे, पाणी भरावे आणि वाट पाहावी, गोगलगायी आपोआप येतील. या भूमिकेला आधार जुना आहे. चार्ल्स डार्विन यांनी बदकाचे पाय मत्स्यपात्रात टांगून ठेवले असता नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी त्यांना चिकटल्या आणि दमट हवेत बारा ते वीस तास जिवंत राहिल्या, असे त्यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे; पाणपक्ष्याला तेवढ्या वेळात शेकडो मैलांचे अंतर काटता येते. परसातील तळ्याला मात्र बदकापेक्षा रोपवाटिकेतून आलेले कमळाचे कुंडे अधिक गोगलगायी पुरवते.

या परंपरांपैकी कोणतीही महाराष्ट्रातील परसाला जशीच्या तशी लागू होत नाही. त्यातल्या त्यात जवळची वाटावी अशी एक परंपरा जपानमध्ये आहे. तेथे मातीच्या किंवा प्लास्टिकच्या कुंड्यांत कमळाबरोबर मेदाका हे लहान मासे पाळतात आणि त्यांच्या सोबतीला तानिशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पिल्लांना थेट जन्म देणाऱ्या गोगलगायी ठेवतात. या गोगलगायी पृष्ठभाग खरवडतातच, शिवाय कल्ल्यांवरून वाहणाऱ्या पाण्यातील सूक्ष्म शैवाल गाळूनही खातात, त्यामुळे हिरवे झालेले पाणी निवळण्यास त्यांची मदत होते. आपल्याकडील तळ्यांत आणि संथ ओढ्यांत सर्रास आढळणारी, शंखावर गडद पट्टे असलेली बेलामिया बेंगालेन्सिस ही गोगलगाय त्याच कुळातील आहे; तीही अंडी बाहेर न घालता पिल्ले देते, तळातील गाळ आणि शेवाळ खाते आणि जिवंत पाणवनस्पतींना सहसा धक्का लावत नाही. परसातील तळ्यासाठी तिच्याइतकी योग्य देशी गोगलगाय दुसरी क्वचितच सापडेल, आणि तरीही शोभेच्या माशांच्या दुकानात ती अभावानेच मिळते, कारण तिचा शंख पिवळाधमक नसतो.

गोगलगाय तळे स्वच्छ करते का, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे आणि प्रस्तुत पुस्तकाची भूमिका त्याच्याच उत्तरावर उभी आहे. तोंडातील सूक्ष्म दातांच्या पट्टीने गोगलगाय भिंतीवरचा, दगडांवरचा आणि पानांवरचा शेवाळाचा थर खरवडते; पाण्यात तरंगणाऱ्या आणि पाणी हिरवे करणाऱ्या शैवालाला बहुतेक जाती हातही लावू शकत नाहीत. जे खाल्ले जाते त्याचा मोठा भाग विष्ठेच्या रूपाने परत पाण्यात येतो, म्हणजे नत्र आणि स्फुरद तळ्याबाहेर जात नाहीत, त्यांची केवळ जागा बदलते. माशांनी सोडलेला अमोनिया तर गोगलगायीच्या आवाक्याबाहेरच असतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम गाळात व फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू करतात. गोगलगाय तळ्यातील अन्नाचा मार्ग बदलते, आणि हा बदल कधीकधी फार मोलाचा ठरतो. स्वीडनचे परिसरशास्त्रज्ञ ख्रिस्टर ब्रॉनमार्क यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की पानांवरील थर गोगलगायींनी खाल्ल्यामुळे पानांना प्रकाश मिळतो आणि पाणवनस्पती जोमाने वाढतात, आणि गोगलगायी खाणारे मासे वाढले की थर पुन्हा चढून वनस्पती मागे हटतात. जोमाने वाढणारी वनस्पती पाण्यातील नत्र-स्फुरद शोषून घेते, आणि तिची छाटणी करून ती तळ्याबाहेर टाकली तरच ती द्रव्ये खरोखर बाहेर जातात. म्हणजे स्वच्छतेच्या या साखळीची शेवटची कडी माणसाच्या हातात आहे.

याच विचाराची दुसरी बाजू गोगलगायींच्या संख्येची. संख्या अतोनात वाढली की तळे राखणारा औषधाच्या शोधात निघतो, आणि बागेसाठी घरात असलेले मोरचूद त्याच्या हाती पहिल्यांदा लागते. मोरचुदातील तांबे गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही मारक असते हे खरे, परंतु ते माशांनाही बाधते, मऊ पाण्यात तर अधिकच, आणि एकाच वेळी मेलेल्या शेकडो गोगलगायी कुजून जो अमोनिया सोडतात व प्राणवायू ओढून घेतात तो मूळ दुखण्यापेक्षा वाईट असतो. संख्या वाढण्याचे कारण जवळजवळ नेहमीच तळ्यात पडणारे जास्तीचे खाद्य हे असते. माशांना दोन-चार मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिले, कुजकी पाने काढली आणि रात्री पालकाचे पान किंवा काकडीची चकती पाण्यात ठेवून सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगायी उचलल्या, की काही आठवड्यांत संख्या खाली येते. तळे राखणाऱ्याने गोगलगायींची गर्दी ही आपल्याच हाताची मोजदाद म्हणून वाचावी, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे आणि ते पूर्णपणे पटण्यासारखे आहे.

गोगलगायींच्या अभ्यासाचा दुसरा मोठा प्रवाह छंदाच्या बाहेरचा, म्हणजे रोगविज्ञानाचा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचे स्थान विशेष आहे. शिस्टोसोमा या रक्तकृमींच्या आणि यकृतात राहणाऱ्या पर्णकृमींच्या जीवनचक्रातील एक टप्पा गोगलगायीच्या शरीरात पार पडतो. तेथून बाहेर पडणाऱ्या, पाण्यात पोहणाऱ्या सूक्ष्म अळ्या पुढच्या प्राण्यापर्यंत पोहोचतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी माणसांमध्ये मूत्रमार्गाचा शिस्टोसोमा रोग असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले आणि फेरिसिया टेन्युइस ही टोपीसारख्या कवचाची इवलीशी गोगलगाय त्याची वाहक म्हणून पुढे आली. भारतातील रोगविज्ञानाच्या इतिहासात या गावाचे नाव त्यामुळे कायमचे नोंदले गेले. गुरांच्या बाबतीत धोका अधिक रोजचा आहे. चपट्या चकतीसारख्या शंखाची, तांबूस रक्ताची इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस ही गावतळ्यांत सर्वत्र दिसणारी गोगलगाय गुरांच्या अनेक शिस्टोसोमा कृमींना आसरा देते; त्यांपैकी नाकातील शिरांत राहून गुरांना घोरायला लावणाऱ्या कृमीचे वर्णन राव यांनी १९३३ साली केले. अशा कृमींच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरल्या तर तेथे त्या वाढत नाहीत, पण खाज आणि पुरळ मात्र उठते.

ही माहिती वाचून परसातील गोगलगायी फेकून देण्याची गरज नाही, कारण जीवनचक्र समजले की खबरदारीही समजते. कृमीची अंडी गुरांच्या शेणातून किंवा नाकातील स्रावातून पाण्यात पडल्याखेरीज गोगलगायीला लागण होत नाही आणि लागण झालेल्या गोगलगायीच्या अंड्यांतून ती पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून म्हशी डुंबतात त्या तळ्यातून आणलेली गोगलगाय थेट हौदात सोडणे धोक्याचे, काही दिवस वेगळी ठेवून सोडणेही अपुरे. तिने वेगळ्या भांड्यात घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले मात्र निर्धास्तपणे सोडता येतात. माशांच्या अंगावर काळे ठिपके उठवणाऱ्या कृमींच्या चक्रात गोगलगाय आणि मासा यांच्यानंतर खंड्या किंवा बगळा असा मासेखाऊ पक्षी लागतो, त्यामुळे तळ्यावर जाळी असेल तर ते चक्रही तुटते. तळ्यात हात घातल्यावर ते साबणाने धुणे आणि गोगलगाय कधीही कच्ची न खाणे हे नियम वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

भारतातील गोड्या पाण्याच्या मृदुकायांची शास्त्रीय नोंद प्रेस्टन यांच्या १९१५ च्या ग्रंथापासून सुब्बा राव यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेसाठी लिहिलेल्या १९८९ च्या हस्तपुस्तिकेपर्यंत सलग वाढत आली. बैनी प्रसाद यांनी पिला ग्लोबोसा या मोठ्या गोगलगायीच्या शरीररचनेचे जे तपशीलवार वर्णन केले, त्यावर महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असलेली, उन्हाळ्यात चिखलात स्वतःला गाडून झाकणी बंद करून पडून राहणारी आणि पावसाळ्यात काठावरच्या ओल्या मातीत खड्डा करून अंडी घालणारी ही गोगलगाय अभ्यासासाठी अप्रतिम आहे, कमळाच्या हौदासाठी मात्र तिची निवड विचारपूर्वक करावी लागते, कारण ती पाणवनस्पतींवरच जगते आणि मोठ्या शंखातील प्राणी नकळत मेला तर लहान हौदाचे पाणी एका दिवसात नासते. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि परसातील गरज यांच्यातील हे अंतर विद्यापीठीय लेखनाने भरून काढले नाही आणि छंदाच्या लेखनाने शास्त्राकडे पाठ फिरवली, ही मराठीपुरती तरी खेदाची बाब आहे.

हा विषय आज महत्त्वाचा होण्यामागे एक कारण मासे, रोपे आणि गोगलगायी यांच्या वाढलेल्या व्यापाराचे आहे. दक्षिण अमेरिकेतील पोमेसिया कॅनालिक्युलाटा ही गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली, तेथून फिलिपिन्स, व्हिएतनाम, थायलंड असा प्रवास करीत भातशेतीची मोठी शत्रू बनली, आणि स्पेनमधील एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातखाचरांत या वंशाची गोगलगाय पसरल्यावर युरोपीय संघाने २०१२ साली संपूर्ण पोमेसिया वंशावर बंदी घातली. थायलंडमधील पाणथळींच्या अभ्यासात तिने वनस्पती फस्त केल्यावर पाणी निवळ राहण्याऐवजी हिरवे आणि गढूळ झाल्याचे दिसले. गोगलगाय म्हणजे स्वच्छता या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही. भारतात शोभेच्या माशांच्या दुकानांत विकली जाणारी पिवळी गोगलगाय सहसा याच वंशातील, तुलनेने सौम्य अशी पोमेसिया डिफ्यूसा असते, परंतु लहान वयात या जाती एकमेकींपासून ओळखणे सामान्य ग्राहकाला शक्य नसते. पाण्याच्या पातळीच्या वर, देठावर किंवा भिंतीवर गुलाबी अंड्यांचे घोस दिसले तर ती देशी पिला नव्हे, एवढी खूण तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मूळची उत्तर अमेरिकेतील, डाव्या वळणाच्या शंखाची फायसा अक्युटा तर रोपांबरोबर भारतातील पाणवठ्यांत केव्हाच रुजली आहे.

उलट बाजूला, सह्याद्रीत अशा गोगलगायी आहेत ज्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत. क्रेम्नोकॉन्कस या वंशातील जाती पश्चिम घाटातील धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या राहणाऱ्या कड्यांवर जगतात; त्यांचे बाकीचे सारे नातेवाईक समुद्रकाठच्या खडकांवर राहणारे आहेत, आणि क्रेम्नोकॉन्कसच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच सह्याद्री आहे. अशा गोगलगायी शांत, कोमट हौदात जगत नाहीत, त्यामुळे हौसेखातर त्या गोळा करणे म्हणजे त्यांना मारणेच होय. कृष्णेच्या उगमाकडील प्रवाहांत राहणाऱ्या आणि गोगलगायी खाणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टेदार बोटिया माशाची स्थितीही नाजूक आहे. हौदातील चार गोगलगायी कमी करण्यासाठी नदीतला एक दुर्मीळ मासा उचलणे हा सौदा कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही.

प्रस्तुत पुस्तक या सर्व प्रवाहांना परसातील तळ्याच्या काठावर एकत्र आणण्याचा प्रयत्न करते. त्याचा भर जाती ओळखण्यावर, पाणी समजून घेण्यावर आणि संख्या आटोक्यात ठेवण्यावर आहे. व्यापारी गोगलगायपालन किंवा खाद्यासाठीचे उत्पादन त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, कारण बंगालमधील बाजारात विकल्या जाणाऱ्या गोगलगायी किंवा बांगलादेशात कोळंबीला घातले जाणारे पिलाचे मांस हे विषय स्वतंत्र पुस्तकांचे आहेत. पाण्याविषयीचे विवेचन महाराष्ट्रातील भूस्तर लक्षात घेऊन केलेले आहे, हे या पुस्तकाचे मोठे बलस्थान म्हणावे लागेल. देशावरील काळ्या खडकातील विहिरींचे पाणी सहसा जड, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले असते, तेथे शंख आपोआप घट्ट होतो. कोकणात जांभ्या दगडातील पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असल्याने शंखाचे टोक झिजते, पांढरे पडते, आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या हौदात तर ही झीज अधिकच होते. तेथे शिंपल्यांचा चुरा किंवा समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात ठेवणे हा साधा उपाय पुरतो. कळीचा चुना टाकणे मात्र माशांच्या जिवावर बेतते. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, गोगलगायी त्यांना हात लावत नाहीत, आणि सोनमासे व कोई लहान गोगलगायी मटकावतात, यांसारख्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीही पुस्तकात त्यांच्या कारणांसह येतात, त्यामुळे वाचकाला स्वतःच्या तळ्यापुरता निर्णय स्वतः घेता येतो.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकांना एक विनंती आवर्जून करावीशी वाटते. तळे मोडायचे ठरले किंवा गोगलगायी नकोशा झाल्या, तर त्या नदीत, ओढ्यात, विहिरीत किंवा गावतळ्यात कधीही सोडू नयेत, त्यांच्याबरोबरची रोपेही टाकू नयेत आणि हौदाचे पाणी नाल्यात न सोडता झाडांच्या आळ्यात ओतावे. जादा गोगलगायी उकळत्या पाण्यात टाकून खतखड्ड्यात पुराव्यात; त्यांच्या शंखातील चुना बागेच्या मातीला उपयोगी पडतो.